घरातल्या गाण्याच्या सीड्या कॉम्प्युटरवर घ्यायच्यात, कोणतं सॉफ्टवेअर वापरू? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे बाबांनी जमवलेल्या २८० च्या आसपास सीड्या होत्या, निम्म्याहून जास्त मराठी, बाकी शास्त्रीय आणि थोडं जुनं हिंदी. गेल्या दोनेक वर्षांत रात्रीची जेवणं झाली की बसून त्या एकेक करत मी सगळ्या कॉम्प्युटरवर घेतल्या, आणि तेव्हापासनं मामेभावापासून सोसायटीतल्या काकांपर्यंत सगळे तेच तेच प्रश्न विचारतायत, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय.

सीडी लावली, आतल्या फायली पेनड्राइव्हवर कॉपी केल्या, पण वाजतच नाहीत. काय चुकलं?

तुमचं काही चुकलं नाही, जवळजवळ प्रत्येकजण आधी हेच करतो. विंडोजमध्ये ऑडिओ सीडी उघडली की ट्रॅक ०१, ट्रॅक ०२ अशा सीडीए प्रकारच्या फायली दिसतात, त्यातल्या एकीवर राइट क्लिक करून साइज बघा, ४४ बाइट. आता ४४ बाइटमध्ये सहा मिनिटांचा अभंग कुठनं मावणार. त्या फायली म्हणजे नुसत्या दारावरच्या पाट्या आहेत, हा ट्रॅक सीडीवर कुठे सुरू होतो आणि किती लांब आहे एवढंच त्यात असतं. खरं गाणं सीडीच्या पोटात आहे आणि ते वाचून त्याची फाइल बनवायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं, त्याला रिपर म्हणतात आणि त्या कामाला रिप करणं.

आमच्या सीडीवर तर ६० गाणी आहेत आणि ती सरळ कॉपी होतात. ती वेगळी का?

हो, ती एमपी३ सीडी आहे. ऑडिओ सीडीवर ७४ नाहीतर फार तर ८० मिनिटं मावतात, त्यामुळे कव्हरवर "५० सदाबहार भावगीतं" असं काही लिहिलेलं असेल तर ती एमपी३ सीडीच समजा. आपल्याकडे एका काळात भक्तिगीतांच्या, नाट्यगीतांच्या अशा सीड्या खूप निघाल्या. त्यांना रिपर लागत नाही, फायली उचलायच्या आणि ठेवायच्या, झालं. फक्त त्या फ्लॅकमध्ये (आवाज जसाच्या तसा ठेवणारा फाइलचा प्रकार, पुढे सांगतो) बदलत बसू नका, एमपी३ करताना जे आवाजातनं निघून गेलंय ते परत येत नाही, नुसती फाइल मोठी होते.

मग थेट सांगा ना, कोणतं सॉफ्टवेअर?

विंडोज असेल तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, सगळे त्याला ईएसी म्हणतात. घरगुती वापराला फुकट आहे, आंद्रे विथॉफ नावाच्या जर्मन माणसानं नव्वदच्या दशकात बनवलंय आणि आजही चालतंय. दिसायला जुनाट आहे, सुरुवातीच्या सेटिंगला अर्धा तास जातो, पण मी २८० मधल्या बहुतेक सीड्या त्यावरच केल्या.

पैसे द्यायची तयारी असेल आणि सीड्या खूप असतील तर डीबीपॉवरॅम्प. सेटिंगची कटकट कमी, गाण्यांची नावं चार ठिकाणांहून शोधून आणतं, विंडोज आणि मॅक दोन्हीवर आहे, आणि आधी काही दिवस फुकट वापरून बघता येतं. माझ्या मामेभावाला ईएसीचा पहिला स्क्रीन बघूनच नको झालं, त्याला मी हेच सांगितलं आणि तो खूश आहे.

मॅकवर एक्सएलडी, फुकट आणि अप्रतिम. लिनक्सवर व्हिपर, ते कमांड टाइप करून चालवायचं असतं, ते नको असेल तर असंडर आहे पण वाचलेलं बरोबर आहे का याच्या तपासणीच्या बाबतीत ते बरंच साधं आहे. विंडोजवर क्यूरिपरही आहे, क्यूटूल्सबरोबर येतं, त्याचं एक खास काम पुढे सांगतो. फूबार२००० आधीपासनं गाणी ऐकायला वापरत असाल तर त्यातही रिपिंग आणि तपासणी होते, नवीन काही टाकायची गरज नाही. आणि फ्रे:एसी (हो, नावातच कोलन आहे) तिन्ही सिस्टिमवर फुकट चालतं आणि वापरायला सोपं आहे.

नावं बरीच झाली, पण निवडताना मी एकच गोष्ट बघतो, सॉफ्टवेअरला एखादा तुकडा नीट वाचता आला नाही तर ते तसं सांगतं का. दिसायला सुंदर, झटपट, एका बटणात काम, हे सगळं त्याच्यानंतर.

विंडोजमधला मीडिया प्लेअर किंवा आयट्यून्स नाही का चालणार? ते तर आधीच आहे.

चालतं, आणि स्वच्छ सीडी असेल तर बहुतेक वेळा फाइल चांगलीच येते. विंडोज १० पासनं तिथे फ्लॅकमध्ये पण घेता येतं. ॲपलच्या म्युझिकमध्ये आणि आयट्यून्समध्ये इम्पोर्ट सेटिंगमध्ये एरर करेक्शनचा एक पर्याय असतो तो तेवढा चालू करा. पण अडचण अशी की काम झाल्यावर यातलं कुणीच तुम्हाला सांगत नाही की अमुक ट्रॅकच्या ३ मिनिटं १२ सेकंदाला मला शंका आहे. हिरवी खूण दाखवतात आणि मोकळे होतात.

मला याचा चटका बसलाय म्हणून एवढं तळमळून लिहितोय. २००७ साली मी बाबांच्या काही सीड्या असल्याच एका सोप्या प्लेअरनं १२८ केबीपीएसच्या, म्हणजे हलक्या दर्जाच्या एमपी३ मध्ये घेतल्या होत्या. त्यातल्या एका नाट्यगीतात तान वर चढत जाते आणि ऐन समेच्या आधी "टक्" असा आवाज येतो, तेवढा क्षण सूर तुटतो. हे लक्षात आलं तब्बल नऊ वर्षांनी, नीट हेडफोन लावून ऐकताना. तोवर ती सीडी कुणीतरी ऐकायला नेलेली ती परत आलीच नव्हती, कंपनीनं ती पुन्हा काढलेली नाही, आणि ऑनलाइन जे आहे ते वेगळं ध्वनिमुद्रण आहे. आता ती फाइल आहे तशीच आहे, तो टक् कायमचा.

पण सीडी तर डिजिटल असते, कॉपी करताना चूक होतेच कशी? फोटो कॉपी करताना तर होत नाही.

ऑडिओ सीडी आणि डेटा सीडी दिसायला सारख्या असल्या तरी आतनं फरक आहे. ऑडिओ सीडीचं स्टँडर्ड १९८० चं, फिलिप्स आणि सोनीनं मिळून केलेलं, आणि ते गाणं वाजवायला केलेलं होतं, कॉम्प्युटरवर कॉपी करायचा विचार त्यात नव्हताच. सेकंदाला ७५ तुकडे, प्रत्येक तुकडा २३५२ बाइटचा, आणि ते सगळेच्या सगळे बाइट आवाजाचे. डेटा सीडीत त्याच २३५२ मधले २०४८ च तुमच्या फाइलचे असतात, उरलेल्यात पत्ता आणि चूक दुरुस्त करायची जास्तीची सोय असते. ऑडिओत ती जास्तीची सोय नाही, फक्त खालच्या थरातली एक दुरुस्ती असते, ती बरीच ताकदवान आहे पण तिलाही मर्यादा आहे, साधारण अडीच मिलिमीटर सलग खराब झालेलं ती पूर्ण भरून काढते, त्याच्या पुढे नाही.

त्याच्या पुढे गेलं की प्लेअर अंदाजानं मधली जागा भरतो, आजूबाजूचा आवाज बघून. ऐकताना बऱ्याचदा कळत पण नाही, सीडी प्लेअरला ते शोभतं, कारण गाणं मधेच थांबण्यापेक्षा ते बरं. पण फाइल बनवताना तोच अंदाज कायमचा फाइलमध्ये जाऊन बसतो.

ईएसीसारखं सॉफ्टवेअर सिक्युअर मोडमध्ये प्रत्येक तुकडा निदान दोनदा वाचतं, दोन्ही वेळा सारखं आलं तर पुढे, नाही आलं तर परत, परत, परत, अगदी वाईट अवस्थेत एकेक तुकडा ८२ वेळा वाचतं. तरीही जुळलं नाही तर शेवटी यादीत लिहून देतं की या जागी शंका आहे. तुम्ही तेवढ्याच जागी कान लावून ऐका आणि ठरवा.

अॅक्युरेटरिप काय प्रकार आहे? आणि माझ्या मराठी सीडीला "डेटाबेसमध्ये नाही" असं का म्हणतंय?

जगभरात ज्यांनी तीच सीडी रिप केली त्यांच्या फाइलचा एक आकडा, चेकसम, अॅक्युरेटरिप नावाच्या इंटरनेटवरच्या यादीत जमा होतो. तुमच्या फाइलचा आकडा त्यांच्याशी जुळला तर दहा वेगळ्या शहरांतल्या दहा वेगळ्या ड्राइव्हनी एकच उत्तर दिलं असा अर्थ, म्हणजे फाइल बरोबर. डीबीपॉवरॅम्पवाल्यांचंच हे काम आहे, पण ईएसी, एक्सएलडी, व्हिपर, फूबार सगळे ते वापरतात.

आता आपली अडचण. परदेशी गाजलेला अल्बम घातला तर शंभर-दोनशे लोकांशी जुळतो, हिंदी सिनेमाच्या सीड्याही बऱ्याच सापडतात, पण मराठी नाट्यसंगीत, कीर्तन, एखाद्या छोट्या कंपनीनं काढलेली ओव्यांची सीडी घातली की बहुतेक वेळा उत्तर "नाही" असंच येतं. माझ्या मराठी सीड्यांपैकी निम्म्याही तिथे सापडल्या नाहीत. घाबरू नका, याचा अर्थ तुमची फाइल चुकली असा अजिबात नाही, आपल्या आधी कुणी ती सीडी रिप करून आकडा पाठवलेला नाही एवढंच.

अशा वेळी ईएसीत टेस्ट अँड कॉपी वापरा. ते ट्रॅक एकदा नुसता वाचतं, आकडा काढतं, मग दुसऱ्यांदा वाचून फाइल करतं आणि पुन्हा आकडा काढतं, दोन्ही जुळले तर नव्व्याण्णव टक्के काम झालं. अगदी जपायची सीडी असेल तर शेजाऱ्याकडनं दुसरा ड्राइव्ह आणून त्यावर पण एकदा करा, कारण क्वचित एकच ड्राइव्ह एकच चूक दोन्ही वेळा करतो. आणि मिळालेला आकडा अॅक्युरेटरिपला पाठवायची परवानगी द्या, पुढच्या माणसाला तुमच्याशी जुळवता येईल, मराठी सीड्या त्या यादीत अशाच वाढणार आहेत.

मघाशी म्हटलेलं क्यूरिपर इथे कामाचं. क्यूटूल्सचा वेगळा डेटाबेस आहे, त्यात आकड्याबरोबर दुरुस्तीचा थोडा डेटा पण ठेवलेला असतो, त्यामुळे तुमची सीडी त्यात असेल आणि खराबी थोडी असेल तर फाइल खरोखर दुरुस्त होते. माझ्या चार सीड्या अशा वाचल्या, चारही हिंदी होत्या.

ईएसी उघडलं आणि डोकं गरगरलं. कमीत कमी काय काय सेट करू?

ड्राइव्ह ऑप्शनमध्ये जाऊन सिक्युअर मोड निवडा. तिथेच एक बटण आहे, एखादी बिनओरखड्याची सीडी घालून ते दाबलं की ईएसी स्वतःच ड्राइव्हचे गुण ओळखतं. तुमचा ड्राइव्ह कॅशे करतो का हे त्यात महत्त्वाचं, कारण करत असेल तर दुसऱ्यांदा वाचतोय असं दाखवून तो मघाचंच आपल्या मेमरीतनं देतो आणि तपासणीला अर्थच राहत नाही. ड्राइव्हनं स्वतःच चूक कळवायची सी२ नावाची खूण मात्र बंद ठेवा, बऱ्याच ड्राइव्हची ती माहिती भरवशाची नसते. मग फाइलचा प्रकार फ्लॅक निवडा. आणि लॉग, म्हणजे रिप कसं झालं त्याची नोंद, आपोआप सेव्ह होईल अशी खूण करा, ही तर विसरूच नका, दहा वर्षांनी ही फाइल बरोबर आहे का असा प्रश्न पडला तर उत्तर त्या लॉगमध्येच असणार आहे. आवाजाची लेव्हल वाढवायचा नॉर्मलाइज पर्याय बंद.

ईएसीच्या सेटिंगमध्ये ऑफसेट दिसतो, तो काय असतो?

प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह ठरावीक काही सॅम्पल (आवाजाचे अगदी बारीक नमुने) आधी किंवा नंतर वाचायला सुरुवात करतो. बऱ्याच एलजी आणि असूसच्या ड्राइव्हना +६, पायोनियरच्या बऱ्याच ड्राइव्हना +६६७ असा आकडा असतो. सेकंदाला ४४,१०० सॅम्पल असतात, तेव्हा ऐकायला शून्य फरक, पण हा आकडा बरोबर टाकला नाही तर दुसऱ्यांच्या फायलींशी तुमचा चेकसम जुळणार नाही. एखादी जगभर खपलेली इंग्रजी अल्बमची सीडी घातलीत तर ईएसी हा आकडा स्वतःच शोधतं. घरात तशी सीडी नसेल तर अॅक्युरेटरिपच्या साइटवर ड्राइव्हच्या मॉडेलप्रमाणे यादी आहे, त्यात बघून टाका.

फ्लॅक, वेव्ह की एमपी३?

जपून ठेवायची प्रत फ्लॅकमध्येच. २००१ मध्ये आलेला हा प्रकार खुला आहे, फुकट आहे, आणि आवाजातला एकही बिट न टाकता फाइल लहान करतो. वेव्हमध्येही आवाज तोच असतो पण जागा जवळजवळ दुप्पट लागते आणि गायकाचं, रागाचं नाव फाइलच्या आत नीट ठेवता येत नाही. शिवाय फ्लॅकच्या आत मूळ आवाजाचा एक ठसा साठवलेला असतो, त्यामुळे हार्ड डिस्क जुनी झाली की सगळ्या फायली अजून धडधाकट आहेत ना हे एका झटक्यात तपासता येतं. घरात सगळं ॲपलचं असेल तर ॲलॅक घ्या, तेही तितकंच चोख, आणि एकातनं दुसऱ्यात केव्हाही काही न गमावता जाता येतं.

फ्लॅकला ० ते ८ अशा पायऱ्या असतात, त्याचा आवाजाशी काही संबंध नाही, फक्त फाइल किती दाबायची आणि त्याला किती वेळ द्यायचा. ५ वर ठेवा आणि विसरा.

जागा किती लागेल?

एका सीडीला साधारण २५० ते ४०० एमबी धरा, म्हणजे ३०० सीड्या शंभर जीबीच्या आसपास. जुनी मोनो ध्वनिमुद्रणं तर फारच कमी जागेत बसतात. मला आधी वाटलं काहीतरी अर्धवट रिप झालंय, कारण एका जुन्या भावगीतांच्या सीडीची फाइल बाकीच्यांच्या निम्मीच आली होती. मग लक्षात आलं की डाव्या आणि उजव्या बाजूला तंतोतंत एकच आवाज आहे आणि फ्लॅक ते ओळखून एकदाच साठवतं.

गाण्यांची नावं आपोआप येतात का?

येतात, पण मराठीच्या बाबतीत हाच सगळ्यात मोठा हमालीचा भाग आहे, रिपिंगपेक्षा जास्त वेळ मला यातच गेला. सीडीवर बहुतेक वेळा नावं नसतातच, सॉफ्टवेअर ट्रॅकच्या लांबीवरनं ओळखून इंटरनेटवरच्या यादीतनं नावं आणतं. फ्रीडीबी नावाची जुनी मोठी यादी २०२० मध्ये बंद झाली, तिचीच माहिती घेऊन जीएनयूडीबी चालू आहे, आणि म्युझिकब्रेन्झ वेगळी, जास्त नीट ठेवलेली. जुन्या यादीत फक्त लांबीवरनं ओळख असल्यानं कधी कधी दोन वेगळ्या सीड्यांची ओळख एकच येते, आणि हरिपाठाची सीडी घातली की कुठल्यातरी जर्मन बँडचा अल्बम सुचवला जातो. डोळे झाकून ओके करू नका.

मराठी सीड्यांची नावं सापडली तरी ती कुणीतरी घाईत टाइप केलेली, रोमन लिपीत, गायकाच्या जागी संगीतकार आणि संगीतकाराच्या जागी सिनेमा अशी असतात. मी सरळ कव्हर हातात घेऊन टाइप करतो. नंतर एकगठ्ठा दुरुस्तीला विंडोजवर एमपी३टॅग फार चांगलं आहे, नाव तसं असलं तरी फ्लॅकही करतं, आणि म्युझिकब्रेन्झचं पिकार्ड.

एक गोष्ट आधीच ठरवा, नावं कशी लिहायची. पं. भीमसेन जोशी, पंडित भीमसेन जोशी, भीमसेन जोशी हे कॉम्प्युटरला तीन वेगळे गायक वाटतात आणि मोबाइलवर तीन ठिकाणी विखुरतात. मी उपाध्या सगळ्या काढून नुसतं नाव ठेवलंय, आदर कमी आहे म्हणून नाही तर सापडावं म्हणून. गायक, संगीतकार आणि गीतकार यांना वेगळे रकाने असतात ते वापरा. फ्लॅकमध्ये तर आपल्या मनानं नवीन रकाना करता येतो, मी राग आणि ताल असे दोन केलेत, आता यमन म्हटलं की घरातला सगळा यमन, ख्याल असो की भावगीत, एका यादीत समोर येतो, आणि हे सुख कुठल्याच ॲपवर मला मिळालं नव्हतं.

देवनागरीत लिहू की इंग्रजी अक्षरांत?

आतली नावं देवनागरीत, फोल्डर आणि फाइलचं नाव रोमनमध्ये, असं मी करतो. फ्लॅकमध्ये युनिकोडच असतं त्यामुळे देवनागरी बिनधास्त चालते. एमपी३ चा अगदी जुना टॅग (फाइलच्या आत नावं ठेवायची जागा), आयडी३ ची पहिली आवृत्ती, त्यात देवनागरी बसतच नाही, नुसती प्रश्नचिन्हं येतात, म्हणून टॅग आवृत्ती २.३ आणि अक्षरांची पद्धत यूटीएफ-१६ ठेवा. आईच्या गाडीतला स्टीरिओ तरीही देवनागरीच्या जागी चौकोन दाखवतो, तेव्हा गाडीसाठीच्या प्रतीत सगळंच रोमन.

मैफलीच्या सीडीत दोन ट्रॅकच्या मधे झटका येतो. रिप चुकलंय का?

बहुतेक नाही. विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे सीडीवर ट्रॅक बदलतो पण तंबोरा आणि तबला चालूच असतात, थांबत नाहीत. फ्लॅकमध्ये रिप केलेले असे ट्रॅक एकामागे एक सलग वाजतात, फक्त वाजवणारं ॲप गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमधे न थांबणारं पाहिजे. एमपी३ मध्ये मात्र फाइलच्या आधी-नंतर थोडी शांतता जोडली जाते आणि बरेच प्लेअर ती काढत नाहीत, तोच तुमचा झटका. ख्यालाच्या आणि लाइव्ह मैफलीच्या सीड्या एमपी३ मध्ये घेऊच नका असं माझं मत आहे, आणि ट्रॅकच्या शेवटची शांतता कापायचा पर्याय कुठे दिसला तर तो बंद ठेवा.

लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही. कोणता घेऊ?

यूएसबीचा बाहेरनं लावायचा डीव्हीडी रायटर कुठलाही चालतो, एलजी, असूस बाजारात मिळतात. ट्रेवाला घ्या, फटीत सीडी ढकलायचा नको, लेन्स साफ करायला हात जात नाही. खराब सीड्या खूप असतील तर जुन्या डेस्कटॉपमधला मोठा ड्राइव्ह पातळ ड्राइव्हपेक्षा बऱ्याचदा चांगला वाचतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्यात तपकीर गल्लीत वापरलेला मिळून जातो, फक्त त्याला १२ व्होल्ट लागतात म्हणून यूएसबीचा कन्व्हर्टर घेताना स्वतःचा अडॅप्टर असलेलाच घ्या. माझ्याकडे शेवटी दोन ड्राइव्ह झाले, एकाला न जमलेल्या अकरा सीड्यांपैकी सात दुसऱ्यानं वाचल्या.

सीडीवर ओरखडे आहेत, पांढरे ठिपके पण आलेत.

ठिपके बहुतेक पावसाळ्यातली बुरशी, वरवरची असेल तर निघते. कोमट पाणी, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, आणि जुन्या धुऊन मऊ झालेल्या सुती पंच्याचा तुकडा. पुसताना मधनं कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल गोल अजिबात नाही. कारण गाणं गोल रेषेत लिहिलेलं असतं, गोल ओरखडा गेला तर एकाच जागचा सलग लांब भाग जातो आणि मघाशी म्हटलेली दुरुस्ती तिथे हरते. आडवा ओरखडा प्रत्येक फेऱ्यातला कणभरच खातो, तो भरून निघतो.

मग ड्राइव्हचा वेग कमी करून रिप करा. टूथपेस्ट चोळायचा उपाय जो तो सांगतो, मी तो करत नाही. आणि जास्त जपायची बाजू खरं तर छापलेली, कारण चकाकणारा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो, खालच्या बाजूला मात्र मिलिमीटरहून जाड प्लॅस्टिक आहे. सीडी बल्बसमोर धरा, सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर तिथलं गाणं गेलंय.

घरी राइट केलेल्या सीड्या, लग्नातलं सनईवादन, आजीच्या ओव्या असं काही आहे. त्याचं काय?

त्या सगळ्यात आधी! आज रात्रीच. घरी राइट केलेल्या सीडीत माहिती एका रंगाच्या थरात असते आणि तो रंग उन्हानं, उष्णतेनं उडतो. दुकानातल्या छापील सीड्या नीट ठेवल्या तर अजून बरीच वर्षं थांबतील, या थांबणार नाहीत. यांच्यासाठी अॅक्युरेटरिप असणारच नाही, म्हणून टेस्ट अँड कॉपी, आणि अडलं तर दुसरा ड्राइव्ह. एखादा ट्रॅक अर्धाच निघाला तर अर्धा तरी ठेवा.

२४ बिटमध्ये रिप केलं तर आवाज अजून चांगला येईल का?

नाही. सीडीवर १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच आहे, जास्तीचे बिट रिकामे राहतात.

एका सीडीला किती वेळ?

स्वच्छ असेल तर सिक्युअर मोडमध्ये दहा-पंधरा मिनिटं, टेस्ट अँड कॉपीला त्याच्या दुप्पट धरा. खराब असेल तर एकेक ट्रॅक तासभर खातो, रात्री लावून झोपा. रोज तीन-चार केल्या तरी वर्षाच्या आत मोठं कपाट होतं.

हे कायदेशीर आहे का?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ मध्ये खाजगी, वैयक्तिक वापरासाठी फेअर डीलिंगची मुभा आहे. स्वतः विकत घेतलेली सीडी स्वतःला ऐकायला फाइलमध्ये घेणं मी त्यात धरतो. त्याच फायली व्हॉट्सॲप ग्रुपवर वाटणं किंवा यूट्यूबवर टाकणं हा वेगळा विषय, ते करू नका. बाहेर राहणाऱ्यांनी आपापल्या देशाचा नियम बघा, उदाहरणार्थ ब्रिटनमध्ये अशी सूट २०१४ मध्ये दिली आणि २०१५ मध्ये कोर्टानं ती रद्द केली.

मोबाइलवर आणि गाडीत फ्लॅक चालतं का?

अँड्रॉइडवर चालतं. आयफोनवर फाइल्समध्ये वाजतं पण म्युझिक ॲपमध्ये येत नाही, तिथे ॲलॅक करा किंवा व्हीएलसी हे वाजवायचं ॲप टाका. गाडीचा स्टीरिओ जुना असेल तर एमपी३ च लागेल, तेव्हा फ्लॅकवरनं लेम एन्कोडरनं एक वेगळा एमपी३ चा फोल्डर बनवा, फूबार, एक्सएलडी, फ्रे:एसी सगळे एका वेळी शेकडो फायली करून देतात. मूळ फ्लॅकला हात लावायचा नाही. आणि फ्लॅकच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी, माझी एक बहिणीकडे नाशिकला आहे.

सगळं झालं, आता सीड्या रद्दीत देऊ का?

नका देऊ. निदान आतला कागद स्कॅन केल्याशिवाय तर नाहीच. मराठी सीड्यांच्या मागच्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत तबल्यावर कोण, ऑर्गनवर कोण, संगीत संयोजन कुणाचं ते लिहिलेलं असतं आणि बऱ्याच वादकांची नावं त्या कागदाशिवाय कुठेच सापडत नाहीत. ३०० डीपीआयला दोन्ही बाजू स्कॅन करा, कागद चिकटलेला असेल तर ओढू नका, डबी उघडून मोबाइलनं सरळ फोटो काढा, आणि ते चित्र त्या सीडीच्या फोल्डरमध्ये लॉगच्या शेजारीच ठेवा.